मिशिगन टाइम : दहा मिनिटं गेली कुठे?

आपल्या भाषेत ‘तास’ हा शब्द मोठा फसवा आहे. तास म्हणजे साठ मिनिटं आणि तास म्हणजे वर्गही. ‘पहिला तास मेकॅनिक्सचा’ असं आपण अगदी सहज म्हणतो, पण कॉलेजातला तास कधीच एका तासाचा नसतो. तो असूच शकत नाही! टाइमटेबलात एका चौकोनाला चिकटून दुसरा चौकोन असतो आणि मध्ये फक्त एक रेघ. युक्लिडची रेघ, जाडी शून्य. त्या जाडी नसलेल्या रेघेवरून साठ-सत्तर मुलांना बॅगा, ड्रॉइंग शीटच्या नळ्या आणि अर्धवट राहिलेल्या गप्पांसकट पलीकडे जायचं असतं. त्याला लागणारा वेळ कुणाच्या तरी खात्यावर टाकावा लागतो. तो कुणाच्या, एवढाच काय तो प्रश्न.

आमच्या डिपार्टमेंटचं टाइमटेबल करण्याचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. (हे काम कुणी आपणहून मागून घेत नाही, हे स्टाफपैकी वाचणाऱ्यांना सांगायला नकोच.) त्यामुळे जगात कुठे कुणी तासांच्या वेळा बदलल्या असं वाचलं की माझे कान टवकारतात. अशा सगळ्या प्रकरणांत मला सर्वांत शिकण्यासारखं वाटलेलं प्रकरण अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचं आहे. तिथे वर्ग दहा मिनिटं उशिरा सुरू करण्याची जुनी प्रथा होती. तिला नावच होतं ‘मिशिगन टाइम’. २०१८ च्या मे महिन्यापासून विद्यापीठाने ती बंद केली.

आधी ती प्रथा चालायची कशी ते पाहू. हे विद्यापीठ १८१७ साली डेट्रॉइटला स्थापन झालं आणि १८३७ मध्ये अ‍ॅन आर्बर या गावी आलं. तिथल्या वेळापत्रकात ‘१० ते ११’ असं छापलेलं असेल, तर वर्ग १०.१० ला सुरू व्हायचा आणि ११ ला सुटायचा. पुढचा ‘११ ते १२’ वाला ११.१० ला. ‘१० ते ११.३०’ असा दीड तासाचा वर्ग असेल तर १०.१० ते ११.३०. साडेअकराचा वर्ग ११.४० ला. म्हणजे छापलेल्या वेळेत दहा मिळवायचे की खरी वेळ. कागदावर मात्र हे दहा कुठेच नव्हते. ते माणसांच्या डोक्यात होते. ज्याला माहीत त्याला माहीत.

आता याला ‘उशीर’ म्हणायचं का? माझ्या मते नाही. उशीर म्हणजे ठरलेली वेळ चुकणं. इथे ठरलेली वेळच १०.१० होती आणि ती सगळे पाळत होते. १०.१२ ला येणारा मुलगा तिथेही उशिराच आला असं धरलं जायचं. तेव्हा ‘अमेरिकेतसुद्धा लेक्चर उशिरा सुरू होतात’ असा दाखला देऊन सकाळी मेसमध्ये दुसरा चहा मागवण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा!

ही कल्पना मुळात युरोपातली. जर्मन विद्यापीठांत वेळेपुढे दोन अक्षरं लिहायची पद्धत आहे. ‘सी. टी.’ म्हणजे ‘कुम टेम्पोरे’, लॅटिनमध्ये ‘वेळेसह’, आणि ‘एस. टी.’ म्हणजे ‘सिने टेम्पोरे’, ‘वेळेविना’. ‘१० सी. टी.’ असं लिहिलं असेल तर वर्ग सव्वादहाला, ‘१० एस. टी.’ असेल तर ठोक दहाला. (आपल्याकडे एस. टी. म्हटलं की वेळेची जी कल्पना मनात येते, तिच्याशी याचा संबंध नाही.) या पंधरा मिनिटांना ‘अकॅडेमिक क्वार्टर’ म्हणतात. त्यामागची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, पूर्वी घड्याळं सगळ्यांकडे नसत, चर्चच्या घंटेचे टोले ऐकू आले की विद्यार्थी निघत, आणि पोचायला त्यांना पाव तास मिळे. स्वीडनमध्ये उप्साला, लुंड या जुन्या विद्यापीठांत ही प्रथा इतकी मुरलेली आहे की तिथे पाव तास गृहीतच धरतात. ठोक वेळेला यायचं असेल तरच वेळेपुढे ‘प्रिक’, म्हणजे टिंब, असा शब्द लिहितात.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये सवलत चिन्हात उतरलेली आहे. नवीन माणसाला ते चिन्ह एकदा समजावून दिलं की पुढे तो कागद वाचू शकतो. मिशिगनमध्ये चिन्हच नव्हतं. आपण लॅबमध्ये एखादं यंत्र वर्षानुवर्षं वापरतो, त्याचा डायल दोन अंश चुकीचा दाखवतो, हे लॅब असिस्टंटला माहीत असतं, तो वाचून दोन वजा करतो. काम अडत नाही. पण त्या यंत्रावर कुणी चिठ्ठी चिकटवलेली नसते. तसंच होतं हे.

अंतराचाही यात भाग आहे. अ‍ॅन आर्बरच्या मुख्य कॅम्पसच्या मधोमध एक मोठं मोकळं मैदान आहे, त्याला ‘डायॅग’ म्हणतात. डायॅगोनल, म्हणजे कर्ण. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या पायवाटा जातात. दोन बाजू चालण्याऐवजी कर्ण चालला की जवळजवळ तीस टक्के अंतर वाचतं, हे पायथागोरस न शिकलेल्या शेळ्यांनाही कळतं. तिथल्या इमारतींमध्ये ये-जा करायला दहा मिनिटं पुरतात. पण इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे नॉर्थ कॅम्पसवर. या कॅम्पसचा आराखडा १९५० च्या दशकात प्रसिद्ध वास्तुविशारद ईरो सारिनेन यांनी केला. मुख्य कॅम्पसपासून तो सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. मधून विद्यापीठाच्या फुकट बस धावतात. गणित तिकडे आणि प्रॅक्टिकल इकडे, असं ज्याच्या नशिबी आलं, त्याला दहा मिनिटं कधीच पुरेशी नव्हती. म्हणजे ‘सगळ्यांसाठी दहा मिनिटं’ ही सवलत खरं तर मधल्या मैदानाभोवती फिरणाऱ्यांसाठी मोजलेली होती. कॅम्पस वाढला, सवलत तेवढीच राहिली. इंजिनिअरिंगवाल्यांच्या वाट्याला नेहमी असंच येतं, असो.

२०१८ च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं की मे पासून वर्ग छापील वेळेलाच सुरू होतील आणि दहा मिनिटं आधी संपतील. म्हणजे ‘१० ते ११’ चा वर्ग आता १० ते १०.५०. विद्यार्थ्यांना हे मुळीच रुचलं नाही. दोनशे वर्षांच्या विद्यापीठाची एक ओळख पुसली जातेय, अशी भावना होती, आणि थट्टाही पुष्कळ झाली.

आता जरा गणित करू. आधी वर्ग १०.१० ते ११.००, पन्नास मिनिटं. आता १०.०० ते १०.५०, पन्नास मिनिटं. आधी दोन वर्गांमधली फट ११.०० ते ११.१०, दहा मिनिटं. आता १०.५० ते ११.००, दहा मिनिटं. काय बदललं? काहीच नाही! सगळा दिवस दहा मिनिटं डावीकडे सरकला, बस्स. सिग्नल्सच्या भाषेत सांगायचं तर निव्वळ टाइम शिफ्ट. सकाळी दहा मिनिटांची झोप गेली आणि संध्याकाळी दहा मिनिटं लवकर सुटका झाली. जर सगळं विद्यापीठ एकाच घड्याळावर चालत असतं, तर हा बदल करण्यात काही अर्थच नव्हता, आणि त्याविरुद्ध ओरडण्यातही नव्हता.

पण सगळं विद्यापीठ एकाच घड्याळावर चालत नव्हतं, आणि खरी गोम तिथेच आहे. काही विभाग मिशिगन टाइम पाळतच नसत. विद्यापीठाने बदलाचं कारणही तेच दिलं, की सगळीकडे एकवाक्यता यावी, गोंधळ टळावा. हा गोंधळ किती, ते आकड्यांत पाहू.

समजा, तुमचा पहिला वर्ग मिशिगन टाइम पाळणाऱ्या विभागात आहे. तो ११.०० ला सुटणार. पुढचा वर्ग छापील वेळ पाळणाऱ्या विभागात आहे, तो ११.०० ला सुरू होणार. तुमच्या हातात किती वेळ? शून्य. आता उलट करा. पहिला वर्ग छापील वेळेच्या विभागात, तो १०.५० ला सुटला. पुढचा मिशिगन टाइमचा, ११.१० ला सुरू. हातात वीस मिनिटं. सरासरी काढली तर दहाच येते! कागदावर सगळं आलबेल दिसतं. पण शून्य मिनिटांत इमारत बदलणाऱ्या मुलाला सरासरी सांगून काय उपयोग? नदीची सरासरी खोली चार फूट आहे म्हणून पोहता न येणाऱ्याला पाण्यात उतरवण्यासारखं आहे ते. आणि हा मुलगा कोण असेल? आपल्याच विभागात चार वर्षं काढणारा नाही. दोन विभागांतले विषय घेणारा, म्हणजे आज ज्याला आपण इंटरडिसिप्लिनरी म्हणून डोक्यावर घेतो, नेमका तो.

प्रत्येक विभागाचा नियम आपापल्या जागी बरोबर होता. दोष दोघांच्या सांध्यात होता. मेकॅनिकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. नट बरोबर, बोल्ट बरोबर, पण एक मेट्रिक आणि एक इंची.

इथपर्यंत मी विद्यापीठाच्या बाजूने आहे. पण एकवाक्यता दोन्ही बाजूंनी आणता आली असती. सगळ्यांनी दहा मिनिटं उशिरा सुरू करा, असंही म्हणता आलं असतं. मग फट शेवटाला नेऊन ठेवल्याने काय साधलं? एक तर बाहेरच्या जगाशी मेळ बसला. पाहुणा व्याख्याता, बाहेरून मीटिंगला आलेला माणूस, नवा विद्यार्थी, यांना छापलेलं तेच खरं धरता येतं. ही जमेची बाजू आहे. पण दुसरंही एक झालं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा माझा स्वतःचा तर्क आहे, पटतो का पाहा.

दोन वर्गांमधल्या फटीला दोन तोंडं असतात. एका तोंडाने शिक्षक ती खातो, ‘एवढं एक डेरिव्हेशन संपवतो’ म्हणत. दुसऱ्या तोंडाने विद्यार्थी खातो, रमतगमत येऊन. जुन्या पद्धतीत वर्ग सुटायची वेळ म्हणजे पूर्ण अकरा. अ‍ॅन आर्बरला १९३६ साली बांधलेला बर्टन टॉवर आहे, त्यात ५३ घंटा आहेत आणि तासाला टोले पडतात. म्हणजे सरांचं डेरिव्हेशन लांबलं की टॉवर सगळ्या गावाला सांगायचा की वेळ संपली. अकराच्या टोल्यानंतर बोलत राहणारा शिक्षक उघड उघड दुसऱ्याच्या वेळेत बोलत असायचा. विद्यार्थ्याला मात्र टोल्यानंतरही दहा मिनिटं होती. नव्या पद्धतीत टोले वर्ग सुरू होताना पडतात. आता ११.०२ ला येणारा विद्यार्थी छापील कागदाप्रमाणे उशिरा आलेला आहे. आणि १०.५० नंतर बोलत राहणारा शिक्षक? कागदावर तर ‘१० ते ११’ आहे! खोली अजून त्याचीच वाटते. कुठला टोला नाही, कुठला गोल आकडा नाही. १०.५४ झाले तरी त्याला कुणी अडवत नाही.

फट तेवढीच दहा मिनिटांची. पण आधी छापील वेळ विद्यार्थ्याच्या बाजूने उभी होती, आता ती शिक्षकाच्या बाजूने उभी राहिली. पूर्वीचं टोक घंटेने सांभाळलं होतं, आताचं टोक शिक्षकाच्या शिस्तीवर सोडलं आहे. मी स्वतः शिक्षक असूनही, किंवा असल्यामुळेच म्हणा, सांगतो की वेळेवर सुरू करणं सोपं असतं, वेळेवर थांबणं फार कठीण. फळ्यावर अर्धं समीकरण असताना खडू खाली ठेवायला जिवावर येतं. आणि त्या दहा मिनिटांत फक्त चालणंच असतं का? शंका विचारायला दोन-तीन मुलं टेबलाभोवती जमतात, वर्गात ज्यांचं तोंड उघडत नाही तीच. पुढच्या सरांना फळा पुसायचा असतो, प्रोजेक्टरची केबल जुळवायची असते, जी पहिल्या फटक्यात कधीच जुळत नाही. चार मिनिटं आधीच्याने खाल्ली की यातलं सगळं उरलेल्या सहांत.

ई अँड टीसीच्या मुलांना हे सगळं एव्हाना ओळखीचं वाटू लागलं असेल. हा तर टीडीएमए! जीएसएममध्ये एका कॅरियरवर आठ मोबाईल पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांचा स्लॉट, म्हणजे १५६.२५ बिटांचा वेळ. त्यात नेहमीच्या बर्स्टचे बिट १४८ आणि शेवटी ८.२५ बिटांची मोकळी जागा, सुमारे ३० मायक्रोसेकंद. हाच गार्ड पिरियड. एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढू नये म्हणून ठेवलेला. स्लॉटच्या पाच टक्क्यांहून किंचित जास्त. मिशिगनचे साठातले दहा म्हणजे सोळा-सतरा टक्के. माणसं बिटांपेक्षा सावकाश चालतात, त्याला इलाज नाही.

पण जीएसएमची खरी हुशारी पुढे आहे. टॉवरपासून लांब असलेल्या मोबाईलचा सिग्नल पोचायला वेळ लागतो. म्हणून टॉवर त्याला सांगतो, तू थोडं आधी बोलायला सुरुवात कर. याला टाइमिंग अ‍ॅडव्हान्स म्हणतात. तो ० ते ६३ बिटांपर्यंत देता येतो, त्यातून सुमारे ३५ किलोमीटरची मर्यादा येते. म्हणजे लांबच्याला लवकर निघायला लावतात, पण किती लवकर ते मोजून, ज्याचं त्याला वेगळं. आणि जो मोबाईल आत्ताच नेटवर्कमध्ये येतोय, ज्याचं अंतर अजून टॉवरला माहीतच नाही, त्याचं काय? त्याच्या पहिल्या हाकेसाठी वेगळा बर्स्ट आहे. त्यात बिट फक्त ८८ आणि मोकळी जागा ६८.२५ बिटांची! नवख्याला आठपट सवलत. एकदा अंतर कळलं की मग नेहमीचा नियम.

नॉर्थ कॅम्पसवरून बसने येणाऱ्याला आणि डायॅगवरून कर्ण कापून येणाऱ्याला एकच दहा मिनिटं देणारी पद्धत, जुनी काय किंवा नवी काय, या हिशेबाने ढोबळच. बिचाऱ्या टाइमटेबलवाल्याला प्रत्येकाचा टाइमिंग अ‍ॅडव्हान्स काढता येत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. पण निदान लांबच्या दोन इमारतींमधले वर्ग पाठोपाठ लावायचे नाहीत, एवढं तर येतं.

आता एमआयटीने काय केलं पाहा. तिथे वर्ग छापील वेळेनंतर पाच मिनिटांनी सुरू होतो आणि पाच मिनिटं आधी संपतो. १०.०५ ते १०.५५. पुन्हा पन्नास मिनिटंच, फटही दहाचीच, पण छापील वेळ बरोबर मधोमध. तासाचा टोला फटीच्या मध्यावर पडतो. दोन्ही तोंडांना पाच-पाच. मला ही वाटणी सर्वांत न्याय्य वाटते, जरी वेळापत्रक समजावून सांगायला ती सर्वांत त्रासाची असली तरी. बर्कलीला मात्र ‘बर्कली टाइम’ अजून चालू आहे, मिशिगनसारखाच, दहा मिनिटांनी सुरू.

गंमत म्हणजे जो वाद अ‍ॅन आर्बरला झाला, तो आता ऑफिसांच्या संगणकात येऊन बसला आहे. पाठोपाठच्या ऑनलाइन मीटिंगांनी लोक वैतागले, तेव्हा गुगल कॅलेंडरमध्ये ‘स्पीडी मीटिंग्ज’ म्हणून एक सोय आहे ती पुष्कळांना सापडली. साठ मिनिटांची मीटिंग ती पन्नासची करते, तीसची पंचवीसची. फट शेवटाला. आउटलुक मात्र तुम्हालाच विचारतं की मीटिंग लवकर संपवायची की उशिरा सुरू करायची? म्हणजे नवा मिशिगन की जुना मिशिगन! आणि त्यातही गोम तीच. एका ऑफिसने एक पर्याय निवडला आणि दुसऱ्याने दुसरा, की दोघांच्या मध्ये सापडणाऱ्याला कधी शून्य मिनिटं आणि कधी वीस.

जाता जाता एक उदाहरण घालून ठेवतो. एका विद्यापीठात तीन विभाग आहेत. ‘क’ जुन्या मिशिगन पद्धतीचा, ‘ख’ नव्या पद्धतीचा आणि ‘ग’ एमआयटीच्या पद्धतीचा. पाठोपाठच्या दोन तासांसाठी, एका विभागातून दुसऱ्यात (किंवा त्याच विभागात) जाताना मिळणाऱ्या वेळेचा तीन बाय तीनचा मॅट्रिक्स लिहा. कर्णावर तिन्ही ठिकाणी दहा येतील, ते सोपं आहे. बाकीच्या सहा जागा भरा. मग समजा, प्रत्येक शिक्षक चार मिनिटं जास्त घेतो आणि इमारत बदलायला सात मिनिटं लागतात. नऊपैकी किती ठिकाणी विद्यार्थी वेळेवर पोचेल? आणि प्रत्येक विभागाने फक्त आपली पद्धत बदलायची, शिक्षकांनी सवय बदलायची नाही, अशी अट घातली, तर तिन्ही विभाग एकाच पद्धतीवर आणून काही सुटतं का, तेही पाहा. उत्तर आणणाऱ्याला माझ्याकडून कॅन्टीनचा चहा. मधल्या सुट्टीत या, तासाला नको.